दीड मीटर शिसं

छप्पर गळायला लागलं की आपण आधी कौलांकडे बघतो. एखादं फुटलं असेल, सरकलं असेल, मांजरांनी हलवलं असेल. इंग्लंडमधला घरमालकही पहिला संशय कौलांवरच घेतो. जाणता छप्परवाला मात्र शिडी लावली की दुसरीकडेच बघतो: छप्पर जिथे भिंतीला टेकतं तिथे. आढ्याचं पाणी वळचणीला जायचंच, उतारावर त्याला कुणी वाट दाखवावी लागत नाही. ते वाट चुकतं ते दोन वेगळ्या वस्तू भेटतात त्या ठिकाणी. कौल आणि धुराडं, कौल आणि खिडकी, आणि घराच्या मागच्या अंगाला हमखास, कौल आणि भिंत.

मी राहतो ते डर्बी हे रेल्वेचं आणि विमानांच्या इंजिनांचं गाव. एकोणिसाव्या शतकात मिडलंड रेल्वेचा कारभार इथून चाले, १९०८ साली रोल्स-रॉइसचा कारखाना आला. कामगारांसाठी लाल विटांच्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. समोरून सगळी घरं सारखी. मागे गेलं की मात्र प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे काहीतरी जोडलेलं दिसतं: स्वयंपाकघर, न्हाणीघर, कोळशाची खोली. घराच्या उंच भिंतीला पाठ टेकलेलं, एकाच बाजूला उतरणारं एकपाखी कौलारू छप्पर. आपण जिला पडवी म्हणतो तीच ही, फक्त तिला चारी बाजूंनी भिंती आणि आत गॅसची शेगडी.

आमच्या स्वयंपाकघराच्या छताला, घराच्या भिंतीलगत, तपकिरी डाग आला होता. वाऱ्याचा पाऊस झाला की तो वाढायचा, सरळ पडणाऱ्या पावसात जागच्या जागी राहायचा. आधीच्या कुणी तो जोड सिमेंटने भरला होता, त्याला चीर गेल्यावर वरून डांबरी चिकटपट्टी मारली होती. या खेपेला आलेला छप्परवाला साठीच्या घरातला, बरोबर एक शिकाऊ पोरगा. म्हाताऱ्याने पट्टीखाली बोट घातलं आणि हातभर पट्टी एका ओढीत निघाली. खालचा सिमेंटचा वाटा भिंतीपासून सुटून कौलांच्या बाजूला कलला होता. मधल्या फटीत नाणं सहज मावलं असतं.

“काढू सगळं,” तो म्हणाला, आणि पोराला गाडीतून शिसं आणायला पिटाळलं.

* * *

शिशाची गुंडाळी दिसायला लहान, उचलायला भारी. ३०० मिलिमीटर रुंद आणि ६ मीटर लांब पत्र्याचं वजन सदतीस किलोच्या आसपास भरतं. गुंडाळीवर निळा पट्टा होता. इंग्लंडात शिशाचा पत्रा ‘कोड’वर विकतात आणि कोड रंगाने ओळखतात: ३ हिरवा, ४ निळा, ५ लाल, ६ काळा, ७ पांढरा, ८ नारिंगी. अंक जुन्या मापातून आलेत. चौरस फूट पत्र्याचं वजन जितके पौंड, तितका कोड. पुढे किलो-मीटर आले, अंक तेच राहिले. भिंतीच्या जोडाला बहुतेक ठिकाणी कोड ४ पुरतो. त्याची जाडी १.८ मिलिमीटर.

पहिलं काम खाचेचं. कौलांच्या वर किमान ७५ मिलिमीटर उंचीवर विटांच्या दोन थरांमधला सांधा निवडायचा आणि त्यातला मसाला २५ ते ३० मिलिमीटर खोल काढून टाकायचा. आमची भिंत चुन्यात बांधलेली, त्यामुळे मसाला मऊ. विटेची कड न दुखावता मोकळा झाला. खाच ब्रशने झाडली, आतली धूळ पाण्याने धुतली. यात त्यांचा बराच वेळ गेला, आणि खालून बघणाऱ्याला काहीच झालं नाही असं वाटावं असंच हे काम आहे. याच टप्प्यावर चलाखी होते. खाच सेंटिमीटरभरच खोल घ्यायची, शिशाची कड तिच्यात नावाला टेकवायची आणि वरून भरपूर लुकण फासायचं. पहिल्या हिवाळ्यापर्यंत कुणाला कळत नाही.

मग त्याने गुंडाळी उलगडली आणि कात्रीने तिचे दीड-दीड मीटरचे तुकडे केले. भिंत चार मीटरांची, पत्रा सहा मीटरांचा. एकच अखंड पट्टी बसली असती. तुकडे केले की जोड वाढणार, आणि आपण तर जोडालाच वैतागलेलो. मी तसं विचारलं. “उन्हात ते लांबतं,” तो म्हणाला, “आणि थंडीत सगळं मागे येत नाही.”

या एका वाक्यात शिशाचं सगळं दुखणं आहे. तापमान एका अंशाने वाढलं की मीटरभर शिसं सुमारे ०.०३ मिलिमीटरने लांबतं. हिवाळ्यातली गोठलेली पहाट आणि उन्हाळ्यातली तापलेली दुपार यांत पत्र्याच्या तापमानात साठ अंशांचा फरक धरला, तर दीड मीटरच्या तुकड्यात पावणेतीन मिलिमीटरची हालचाल होते. सहा मीटरच्या सलग पट्टीत ती सेंटिमीटरच्या वर जाते. विटेचं प्रसरण याच्या चौथाईच्या आसपास, म्हणजे भिंत जवळपास जागेवर आणि शिसं मागे-पुढे. पोलाद असतं तर ताण सोसून परत आलं असतं. शिसं इतकं मऊ की ते परत येताना अडखळतं, जागीच वळी पाडतं. दर हंगामात ती वळी त्याच रेषेत वाकते आणि एक दिवस तिथेच चिरते. म्हणून तुकडा दीड मीटरपेक्षा मोठा नको, आणि शेजारचे दोन तुकडे किमान १०० मिलिमीटर एकमेकांवर चढलेले हवेत. वाऱ्या-पावसाच्या माऱ्यात १५०.

प्रत्येक तुकड्याला दोन घड्या. वरची २५ मिलिमीटरची कड काटकोनात वळवून खाचेत जाते, मधला भाग भिंतीवर उभा राहतो आणि उरलेला किमान १५० मिलिमीटर पदर कौलांवर पडतो. कड खाचेत घातली की शिशाच्याच चिंध्यांच्या घड्या घालून केलेल्या पाचरी तिच्यावर ठोकायच्या, दोन पाचरींमध्ये ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवायचं नाही. पट्टी धरून ठेवतात त्या या पाचरी. खाचेत नंतर भरलेलं लुकण फक्त पाणी अडवतं, वजन पेलत नाही.

पदर कौलांवर बसवणं हा कसबाचा भाग. आमची कौलं सपाट नाहीत, त्यांना उंच गोल वळ्या आहेत, आणि शिशाला प्रत्येक वळीवर चढून पुढच्या खोबणीत उतरायचं असतं. हत्यारं म्हणाल तर एक मोगरी आणि दोन-तीन वेगवेगळ्या आकारांचे ठोकळे. पूर्वी ते कठीण लाकडाचे असत, आता बहुतेकांकडे प्लॅस्टिकचे असतात. लोखंड शिशाला लावत नाहीत, त्याचा वण उठतो. पोराने खोबणीत सरळ घाव घातले तेव्हा म्हाताऱ्याने त्याचा हात धरला. खोबणीत ठोकत राहिलं तर पत्रा तिथे ताणून पातळ होतो. जास्तीचं शिसं शेजारच्या वळीवरून हलकेच ढकलत आणायचं, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी राहते. भाकरी थापणाऱ्या बाईला हे सांगावं लागणार नाही; मधेच दाब पडला आणि कड जाड राहिली की भाकरी फुगत नाही, आणि मधे पातळ झाली की तव्यावर उचलताना फाटते. पोराला मात्र पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

शिसं एवढं ठोकूनही कडक होत नाही. तांब्याला घाव घातले की ते ताठर होतं, मग तापवून नरम करावं लागतं. शिशातले कण घराबाहेरच्या साध्या तापमानालाच पुन्हा जुळून येतात, त्यामुळे सकाळी ठोकलेलं शिसं दुपारीही तितकंच नरम असतं. छपरावर भट्टी न पेटवता हवा तो आकार देता येतो, ही त्याची खरी मातब्बरी.

शेवटी वाऱ्याने पदर उचलू नये म्हणून खालच्या कडेला स्टेनलेस स्टीलच्या छोट्या पट्ट्यांच्या पकडी, आणि वरून फडक्याने पुसलेला तेलाचा हात. नव्या शिशावर पहिल्या पावसात पांढरं कार्बोनेट धरतं आणि त्याचे ओघळ खालच्या लाल कौलांवर उतरतात. तेल लावलं की तो थर धुपत नाही आणि शिसं सावकाश, सारखं करडं पडतं. तेल त्याच दिवशी लावायचं, आणि पदराच्या खालच्या कडेच्या आतूनही. घाईत विसरतात ती हीच कड.

काम संपल्यावर शिडीवरून नीट पाहिलं. शिसं भिंतीत अडकलेलं आहे आणि कौलांवर फक्त पडलेलं आहे. कौलांना ते चिकटवलेलं नाही. दोन तुकड्यांमध्ये डाख नाही, एकावर एक नुसते चढलेले. म्हणजे आधीच्या माणसाने जो जोड पक्का करायचा प्रयत्न केला होता, तो या माणसाने जाणूनबुजून सुटा ठेवला. घर आणि मागची खोली यांचा पाया वेगळा, वय वेगळं, खचण्याची चाल वेगळी. कौलांखालचं लाकूड ओल्या हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं. या दोघांना एकजीव करायचा हट्ट सिमेंट धरतं आणि फाटतं. शिसं त्यांना आपापलं हलू देतं, पाण्याला तेवढं बाहेरच्या बाहेर ठेवतं.

* * *

एवढं सगळं नीट करूनही घर गळू शकतं. आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, १९३०च्या दशकातलं. त्यांनी मागे स्वयंपाकघर वाढवलं, शिसं नियमाप्रमाणे घातलं गेलं, तरी मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी आतल्या भिंतीवर ओल उमटायची. कंत्राटदार दोनदा येऊन लुकण मारून गेला. उपयोग शून्य, कारण पाणी शिशातून येतच नव्हतं.

या काळापासून इंग्लंडात पोकळ भिंतींची पद्धत रुळली. विटांचे दोन पडदे, मधे पाच-सहा सेंटिमीटरची पोकळी. बाहेरचा पडदा पावसात भिजतो, भिजणारच. पाणी त्याच्या आतल्या अंगाने ओघळत पायापाशी जातं आणि आतला पडदा कोरडा राहतो. ही व्यवस्था चोख आहे, जोवर बाहेरची भिंत बाहेरच आहे. मागे खोली जोडली की त्या भिंतीचा खालचा भाग घराच्या आत येतो. वरचा भाग पूर्वीसारखाच भिजत राहतो, आणि त्यातलं पाणी शिशाच्या मागून, भिंतीच्या पोटातून थेट स्वयंपाकघरात उतरतं. बाहेरून शिसं कितीही चांगलं बसवा, ते या पाण्याच्या वाटेत येत नाही.

उपाय भिंतीच्या आत असतो. शिशाच्या खाचेच्या वर, भिंतीच्या पूर्ण लांबीत, पोकळीत एक उतरती ताटली बसवायची. ती वरून येणारं पाणी झेलते आणि विटांमध्ये सोडलेल्या बारीक मोऱ्यांतून शिशाच्या पदरावर बाहेर काढते. नव्या घरात हे बांधतानाच होतं. जुन्या भिंतीत एका वेळी दोन-तीन विटा काढायच्या, ताटलीचा तुकडा सरकवायचा, विटा परत बसवायच्या, मसाला आवळला की पुढे सरकायचं. काम कंटाळवाणं आणि महाग, म्हणून अंदाजपत्रकातून गुपचूप गळणारी बाब हीच. आमच्या घराची भिंत भरीव, नऊ इंची, तिला हा प्रश्न नाही. आपली भिंत कुठल्या जातीची, हे शिशाच्या आधी विचारायला हवं.

* * *

शिसं छपरावर चढलं ते त्याच्या नरमपणामुळे, पण इथल्या छपरांवर इतकं चढलं त्याला जमिनीचंही कारण आहे. डर्बीच्या उत्तरेचे चुनखडीचे डोंगर शिशाच्या खनिजाने भरलेले होते. रोमनांनी इथे खाणी चालवल्या. त्यांच्या काळातल्या शिशाच्या विटांवर लुटुडारुम या इथल्याच ठिकाणाचा शिक्का सापडतो. नंतरच्या शतकांत इथल्या खाणकामगारांना एक अजब हक्क होता: देवळाचं आवार, बाग, फळबाग आणि रस्ता सोडून कुणाच्याही जमिनीत शिसं शोधावं. राजाचा वाटा दर तेरावं माप. ते माप काटेकोर असावं म्हणून १५१३ साली कांस्याचं एक प्रमाण भांडं केलं गेलं. ते वर्क्सवर्थच्या सभागृहात आजही आहे, आणि खाणकामगारांचं न्यायालयही तिथेच वर्षातून एकदा भरतं. खाणी बंद पडल्या. डोंगरांतल्या डार्ली डेलला मात्र शिशाची भट्टी अजून पेटते. तिच्यात आता खनिजाऐवजी गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या वितळतात. छपरावरचं शिसंही असंच फिरत राहतं. आमच्या गल्लीतलं निघालेलं भंगार उद्या कुठल्या चर्चवर असेल सांगता येत नाही.

मराठी माणसाला हा धातू परका वाटायचं कारण नाही. सातवाहनांनी शिशाची नाणी मोठ्या प्रमाणावर पाडली, आणि पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालात तांबं, कथील आणि शिसं यांची नोंद आहे. मारुतीच्या अंगावरचा शेंदूर हे शिशाचंच संयुग. कोळ्याच्या जाळ्याला बुडवणारं वजन शिशाचं. छपरावर मात्र आपण ते सहसा नेलं नाही.

* * *

नेलं नाही ते एका अर्थी बरंच झालं. शिसं विषारी आहे, आणि मुलांच्या मेंदूला त्याची थोडी मात्राही बाधते. छपरावर पडून असलेलं शिसं श्वासात जात नाही. धोका असतो तो हाताळताना, कापताना, वितळवताना. आमचा छप्परवाला हातमोजे घालून काम करत होता आणि चहाला बसण्याआधी साबणाने कोपरापर्यंत हात धूत होता. ब्रिटनमध्ये कामावरच्या शिशासंबंधी २००२ सालची स्वतंत्र नियमावली आहे. शिशावरून आलेलं पावसाचं पाणी प्यायला साठवायचं नाही. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसचं नोत्र दाम जळालं तेव्हा छपरावरचं आणि मनोऱ्यावरचं शेकडो टन शिसं वितळलं, धुळीच्या भीतीने परिसर धुवावा लागला, आसपासच्या मुलांच्या रक्तातलं शिसं तपासलं गेलं. तरी बराच वाद होऊन छप्पर पुन्हा शिशाचंच घातलं गेलं, आणि डिसेंबर २०२४मध्ये चर्च उघडलं.

दुसरा धोका चोरांचा. भंगाराचे भाव चढले की खेड्यांतल्या चर्चची छपरं रातोरात उघडी पडतात; वस्ती लांब, छप्पर बुटकं, माल वजनी. इंग्लंड आणि वेल्समध्ये भंगारवाल्यांनी रोखीने पैसे देण्यावर बंदी आली, २०१३ साली परवान्यांचा कायदा झाला. चोरी झालेल्या चर्चवर आता कथिलाचा मुलामा दिलेलं स्टेनलेस स्टील घालायलाही परवानगी मिळते. घरांसाठी ॲल्युमिनियमच्या जाळीवर रबरासारखा थर दिलेले हलके पत्रे निघालेत. ते चोरीला जात नाहीत, कात्रीने कापतात, लांब तुकड्यात बसतात. आमच्या छप्परवाल्याचं त्यांच्याबद्दलचं मत छापण्याजोगं नव्हतं. पण शिसं बसवणारे हात कमी होत चालले आहेत, हे त्यालाही मान्य होतं. त्याच्या पोरालाही वर्षातले जास्त दिवस हे पर्यायी पत्रेच बसवावे लागतात.

* * *

डर्बीत वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. तरी कोकणातल्या जुन्या घरांना हा जोड छळत नसे, कारण तो बहुधा नसायचाच. मोठ्या घराचं पाखं भिंत ओलांडून खाली येत राही, आणि पडवी त्याच उताराखाली किंवा त्याच्या वळचणीच्या आत सरकवलेली असे. पागोळ्या थेट अंगणात. छपराने भिंतीला तोंड द्यायचा प्रसंगच आणला नाही, तर पट्टी कशाला लागते? इंग्लंडातल्या कुठल्याही शिशापेक्षा ही युक्ती वरचढ आहे.

घरं बदलली तशी ही युक्ती गेली. आता चिऱ्याच्या किंवा सिमेंटच्या उभ्या भिंती, वर स्लॅब, आणि बाजूला नंतर टेकवलेली मंगलोरी कौलांची नाहीतर पत्र्याची पडवी. वरच्या वळचणीचा आधार संपला. जोडावर गवंडी सिमेंटचा वाटा भरतो. एक पावसाळा निघतो, मग केसासारखी चीर. पुढच्या मे महिन्यात डांबर, त्याच्या पुढच्या वर्षी कुठलंतरी पांढरं रसायन, शेवटी निळं प्लॅस्टिक. बाटली दरवर्षी वेगळी, हट्ट तोच: दोन हलणाऱ्या वस्तू एकमेकींना चिकटवायचा.

यावर शिसं आणा असं मी सांगणार नाही. ते महाग आहे, विषारी आहे, आणि पागोळीचं पाणी ज्या घरात भांड्यात धरतात तिथे ते नकोच. घ्यायची ती रीत, आणि ती गावातला पत्रेवाला करू शकतो. भिंतीत इंचभर खोल खाच. तिच्यात वळवलेली पत्र्याची पट्टी, पाचरींनी आवळलेली. खाली कौलांवर वीतभर मोकळा पदर, आणि वाऱ्याने उचलू नये म्हणून कडेला पकडी. तुकडे आखूड, एकमेकांवर चढवलेले. समुद्राजवळ जस्ती पत्रा गंजतो, म्हणून स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियम. पण ॲल्युमिनियमला ओलं सिमेंट खातं, तेव्हा खाचेत सिमेंटऐवजी लवचीक लुकण. आणि घर अजून नकाशावरच असेल, तर यातलं काहीच करू नका. पडवीच्या वर चिऱ्याचा एक थर चार बोटं पुढे काढा, नाहीतर स्लॅबची कड वाढवा, आणि पडवीचं छप्पर तिच्याखाली सरकवा.

गवंड्याशी बोलणी करताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: खाच किती खोल, तुकडा किती लांब, आणि पदर कशाला चिकटवणार. तिसऱ्याचं उत्तर “कशालाच नाही” असं आलं, तर माणूस कामाचा आहे.